जुनं कार्टून दाखवावं की नवं?



सुट्टी लागली की नातवंडांनी टीव्ही बघावा की नाही, हा वाद आपण केव्हाच हरलेलो असतो. मग उरतं एवढंच, की काय बघायचं. आपल्या वयाच्या बायका म्हणतात, आमच्या मुलांच्या वेळची कार्टून किती गोड होती, आताची नुसती आदळआपट. सुना म्हणतात, आई, जुन्यातच जास्त मारामारी असते, तुम्हाला आठवत नाही. त्यात आता एक तिसरा प्रकार आलाय. जुन्याच गोष्टी पुन्हा नव्याने काढतात, आणि त्या इतक्या खऱ्यासारख्या, की त्यांना कार्टून म्हणावं की नाही हाच प्रश्न पडतो.

माझं मत सांगते, पटतं का बघा. जुनं की नवं हे मी बघतच नाही. गोष्टीतला प्राणी मुलांपुढे कसा आलाय, त्याचं दुःख मुलाला कळतंय का, एवढंच बघते. सगळी कार्टून बहुतेक प्राण्यांचीच असतात, आणि आपल्या घरात मूल चालायला लागलं की पहिलं शिकतं ते मुंगीवर पाय द्यायचा नाही. मग दिवसाचा तासभर ते ज्या प्राण्यांसोबत घालवतं, त्यांच्याकडे आपण नको का बघायला?

'द लायन किंग'पासून सुरू करते, कारण आमच्याकडे दोन्ही बघून झालेत. पहिला १९९४ चा, हाताने काढलेला. दुसरा २०१९ चा, संगणकावर केलेला. गोष्ट तीच, बरेचसे प्रसंगही जसेच्या तसे. पहिला ८८ मिनिटांचा, दुसरा अर्ध्या तासाने मोठा. हिंदीत मुफासाला शाहरुख खान आणि सिंबाला त्याचा मुलगा, टिमॉनला आपला श्रेयस तळपदे. आवाजांना मी अजिबात नावं ठेवणार नाही, तळपदेंनी तर धमाल केली आहे.

पण तो प्रसंग आठवा. मुफासा दरीत पडून गेलेला, आणि पिल्लू त्याला उठवायला बघतंय. जुन्या सिनेमात सिंबाच्या भुवया वर जातात, कान पडतात, डोळे भरतात, आणि ते वडिलांच्या पंजाखाली शिरून झोपतं. १९९४ च्या चित्रकारांसमोर म्हणे खरे सिंह आणून ठेवले होते, म्हणजे सिंह कसा दिसतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनी त्याला माणसाच्या लेकराचा चेहरा दिला. नव्यात पिल्लाचा एकेक केस खरा आहे, धूळ खरी आहे, आणि चेहरा मात्र ढिम्म. खरा छावा रडत नाही, म्हणून यांनीही त्याला रडवलं नाही. आवाज रडतोय, तोंड रडत नाही. आमचे हे म्हणाले, "डिस्कव्हरी चॅनलवर कुणीतरी मागून नाटक वाचतंय असं वाटतं." अगदी बरोबर.

आता गंमत बघा. जुना बघताना माझी नात, वय वर्षं सात, मुसमुसली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. थोड्या वेळाने पुंबाला हसायलाही लागली. नवा बघताना ती रडलीच नाही. तिने विचारलं, "आजी, शूटिंगसाठी त्याला खरंच मारलं का?" मी सांगितलं, अगं तिथे सिंहच नव्हता, सगळं संगणकावर केलंय. त्या सिनेमात खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेलं एकच दृश्य आहे, सुरुवातीचा सूर्योदय. हे दिग्दर्शक जॉन फॅव्ह्रो यांनीच सांगितलंय. पण तिचा विश्वास बसेना. रात्री झोपतानाही तोच प्रश्न. जुन्या चित्रात ती सिंबासाठी रडली होती, नव्यात तिला सिंबाचं काही वाटलंच नाही, नुसती भीती राहिली. चित्र हे चित्र आहे हे मुलाला कळतं, म्हणून ते त्यात मोकळेपणाने शिरतं. खऱ्यासारखं दिसलं की मूल दाराबाहेरच थांबतं.

आणि ते किडे! टिमॉन आणि पुंबा सिंबाला ओंडका उचलून किडे खायला देतात, तो प्रसंग. जुन्यात ते किडे लाल, निळे, हिरवे, गोळ्या-चॉकलेटसारखे. तेव्हाही मला फार आवडायचं असं नाही, पण पोरं हसायची आणि विषय संपायचा. नव्यात खऱ्या वळवळणाऱ्या अळ्या, खरी वाळवी, आणि ती खाताना जवळून दाखवलेली तोंडं. आमची नात पाठशाळेत जाते. तिने लगेच बोटं मोजली, अळी दोन इंद्रियांची, वाळवी तीन इंद्रियांची. मग म्हणाली, "आजी, सिंहाने हरीण सोडलं हे चांगलं केलं, पण हेही जीवच आहेत ना?" आता यावर मी काय बोलणार? पण एक लक्षात आलं. रंगीत किड्यांच्या वेळी हा प्रश्न तिला पडला नव्हता, कारण ते जीव वाटतच नव्हते. म्हणजे खरेपणाने इथे उलटं काम केलं, तिला जीव दिसला. हे नव्या सिनेमाच्या बाजूने लिहायला हवं, म्हणून लिहिते. अर्थात काढणाऱ्यांच्या मनात ते मुळीच नव्हतं.

मग एवढे पैसे घालून तीच गोष्ट पुन्हा का काढतात? बी.कॉम.ला आम्हाला गुडविलचं मूल्यांकन हा धडा होता. दुकान विकताना माल, फर्निचर, येणी-देणी यांच्यावर जी वरची रक्कम मिळते, ती नावाची. ताळेबंदात हात लावता येईल असं काही नसतं, पण गिऱ्हाईक त्या नावासाठी येतं. रिमेक म्हणजे हेच. १९९४ चा लायन किंग साधारण साडेचार कोटी डॉलरमध्ये झाला होता. २०१९ च्या सिनेमाला त्याच्या कित्येक पट खर्च आला, आणि जगभरातून त्याने १६० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. तिकीट कुणी काढलं? ज्यांनी लहानपणी पहिला बघितला होता त्या आई-बापांनी. पहिल्या चित्रकारांनी कमावलेलं नाव दुसऱ्यांनी वटवलं. धंदा म्हणून त्यात काही गैर नाही, पण नावाच्या जोडीला नवा मालही चांगला हवा, नाहीतर गुडविल हळूहळू निर्लेखित होतं. हेही त्याच धड्यात होतं.

'जंगल बुक'चं मात्र वेगळं आहे. आपल्या मुलांनी बघितलं ते डिस्नेचं नव्हतंच, ती १९८९ ची जपानी मालिका, ५२ भागांची. नव्वदीत दूरदर्शनवर रविवारी ती हिंदीतून लागायची. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं, आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. माझ्या मुलाची रविवारची अंघोळ त्या गाण्याच्या आत उरकायची, हा घरचा कायदा होता. जपान्यांनी चित्रं काढलेली, इंग्रज लेखकाची गोष्ट, आणि जंगल आपल्या शेजारचं, मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. तरी ती मालिका कुणाला परकी वाटली नाही, कारण आपल्या लोकांनी तिला आपली भाषा दिली.

२०१६ मध्ये डिस्नेने आपल्या १९६७ च्या सिनेमाचा नवा अवतार काढला, तोही फॅव्ह्रोंचाच. मोगली खरा मुलगा, बाकी सगळं संगणकावर. इथल्या प्रदर्शनाच्या वेळी गुलजारांचं ते गाणं पुन्हा आणलं, नाना पुन्हा शेरखान झाले, इरफान खान बल्लू, ओम पुरी बगीरा. मला तो सिनेमा लायन किंगपेक्षा पुष्कळ आवडला, कारण मधोमध एक खरं मूल आहे आणि त्याचा चेहरा हलतो. प्राणी न रडले तरी मोगली रडतो. शेवटही बदललाय. जुन्यात तो पाणी भरायला आलेल्या मुलीच्या मागे गावात निघून जातो, नव्यात जंगलातच राहतो. मला नवा शेवट जास्त पटला. ज्यांनी वाढवलं, त्यांना सोडून जायचं कशाला?

पण लहान मुलांना हा दाखवू नका. आपल्या सेन्सॉर बोर्डाने त्याला सरळ 'यू' न देता 'यूए' प्रमाणपत्र दिलं होतं, त्रिमितीत प्राणी अंगावर येतात आणि मुलं घाबरतील म्हणून. तेव्हा सगळ्यांनी बोर्डाची थट्टा केली. मी आज चार वर्षांच्या नातवाकडे बघून म्हणते, थट्टा करायची गरज नव्हती. (त्यात बल्लूसाठी मोगली कड्यावरचं मधाचं पोळं पाडतो. त्याबद्दल आमच्या घरी वेगळी चर्चा झाली, ती तुमच्याही घरी होईलच, तयार राहा.)

आता ज्या रिमेकमुळे मी सगळ्या रिमेकना सरसकट नावं ठेवू शकत नाही, तो सांगते. 'डंबो'. मोठ्या कानांचं हत्तीचं पिल्लू. पहिला सिनेमा १९४१ चा, जेमतेम ६४ मिनिटांचा. त्यात डंबोची आई पिल्लाला चिडवणाऱ्यांवर धावून जाते, म्हणून तिला वेडी ठरवून डांबतात, आणि ती गजांतून सोंड बाहेर काढून त्याला झुलवते. कोणत्याही आईने हे बघावं आणि डोळे कोरडे ठेवून दाखवावेत. पण त्याच सिनेमात पिल्लाला चुकून दारू चढते आणि तो प्रसंग विनोद म्हणून लांबवलाय. कावळ्यांच्या तोंडून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची टिंगल आहे. आणि शेवटी काय, तर डंबो उडायला लागतो, प्रसिद्ध होतो, आईला आणि त्याला रेल्वेचा खास डबा मिळतो. सर्कस चालूच.

२०१९ च्या डंबोत दारू नाही, तिथे साबणाचे फुगे आहेत. कावळे नाहीत. आणि शेवटी माय-लेकरू सर्कस सोडून आपल्या रानात, आपल्या कळपात जातात, आणि मागे राहिलेली सर्कस बंदिस्त प्राण्यांशिवाय चालते. सिनेमा म्हणून तो रेंगाळतो, माणसांची गर्दी फार, डंबो मागे पडतो, हे सगळं खरं. तरी मी मुलांना शेवट नव्याचाच दाखवला.

माझं माहेर सांगलीकडचं. भारतीय सर्कशीचे जनक म्हणतात ते विष्णुपंत छत्रे आमच्याच जिल्ह्यातले, अंकलखोपचे. लहानपणी सर्कस आली की वाघाला रिंगणातून उडी मारताना बघायला आम्ही पुढच्या बाकांसाठी भांडायचो. आपल्याकडे वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचे खेळ करायला १९९८ मध्ये बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. माझ्या नातवंडांनी वाघाचा खेळ कधी बघितला नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही. १९४१ ला जो शेवट सुखाचा वाटत होता तो आज वाटत नाही, आणि कुणीतरी तो बदलला. रिमेक काढायचाच तर असा, काहीतरी नवं मनात आलंय म्हणून काढावा.

राहिले टॉम अँड जेरी, म्हणजे आमच्या घरातलं भांडण. सूनबाईचं म्हणणं, कुणाच्या डोक्यात तवा हाणला की मुलं खदाखदा हसतात, हे आपल्या घरात कसं चालतं? प्रश्न बिनतोड आहे. १९४० पासूनची ही जोडी, सात ऑस्कर मिळालेली. मला त्यांचं संगीत फार आवडतं. मांजर मैफलीत पियानो वाजवतंय आणि उंदीर आत पट्ट्यांवर झोपलाय, असा १९४७ चा एक भाग आहे, तो बघा. पण मार आहे, हे खरंच.

यावर तोडगा काढून झालाय, हे कित्येकींना माहीत नसेल. १९७५ मध्ये अमेरिकेत टीव्हीसाठी या जोडीची नवी मालिका काढली, त्यात मारामारी बंद. दोघं मित्र, जेरीच्या गळ्यात लाल बो, आणि दोघं मिळून गावोगाव फिरतात. आपल्याला आवडायलाच हवी, नाही का? मी दोन भाग बघितले. नातू तिसऱ्या मिनिटाला उठून ठोकळे खेळायला गेला, आणि मला त्याचं काही चुकलं असं वाटलं नाही. मार काढून टाकला, पण त्याच्या जागी काही ठेवलंच नाही. कुणी कुणाला वाचवत नाही, कुणाला कुणाची कणव येत नाही, नुसते सोबत हिंडतात. डंबोच्या आईच्या त्या एका सोंडेत जेवढी दया आहे, तेवढी अख्ख्या त्या मालिकेत नाही.

म्हणून सूनबाईला मी उलट आपल्याकडचं एक जुनं काढून दाखवलं, 'एक अनेक और एकता'. १९७४ चं, जेमतेम सात मिनिटांचं. करणाऱ्या विजया मुळे, आपल्या मराठी बाई, चित्रं भीमसेन यांची. जाळ्यात अडकलेले पक्षी एकदम उडतात, उंदीर जाळं कुरतडतात, सगळे सुटतात. कुणाला इजा नाही, आणि तरी मुलं जागची हलत नाहीत. त्याचा रिमेक कुणी काढू नये, फक्त स्वच्छ प्रत सगळीकडे मिळावी. जपानी आणि भारतीय कलाकारांनी मिळून केलेलं नव्वदीतलं रामायण २०२५ च्या जानेवारीत असंच उजळून थेटरात आणलं. चित्रं तीच, हाताने काढलेली, फक्त धूळ झटकलेली. खर्च करायचा तर असाही करता येतो.

सध्या आमच्याकडे ठरलंय ते असं. जेवताना काहीच नाही. सात वर्षांचीला जुना लायन किंग आणि दोन्ही डंबो, नवा जंगल बुक दहा वर्षांची झाल्यावर. चार वर्षांच्याला 'एक अनेक' हवं तितक्या वेळा. टॉम अँड जेरीवर सूनबाईचा आणि माझा अजून समझोता झालेला नाही. ती म्हणते बंद, मी म्हणते पियानोचा भाग तरी राहू दे. तुमच्याकडे काय चालतं ते मला जरूर कळवा.