यंत्रयुग : घटकाचा धनी कोण?

बँकेच्या संगणकामागची प्रणाली अनेक लहान घटकांची बनलेली असते. १९९८ साली 'एंटरप्राइझ जावाबीन्स' हा आराखडा आला. घटकाला जन्म देणे, व्यवहार सांभाळणे, अधिकार तपासणे ही कामे त्याने 'कंटेनर' नावाच्या यजमानाकडे सोपविली. मात्र एका घटकास दुसऱ्याची गरज पडली, की नामसूचीतून त्याचा शोध स्वतःच घ्यावा लागे. सर्व्हर चालू केल्यावाचून त्याची परीक्षाही घेणे अवघड.

२००४ साली मार्टिन फाउलर यांनी ज्याला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' म्हटले, तो यावरचा उपाय. घटकाने मागावयास जाऊ नये. लागेल ते बाहेरून त्याच्या हाती द्यावे. मग परीक्षेपुरते खऱ्याच्या जागी बनावट साहाय्यक देता येते. 'स्प्रिंग'ने ही रीत लोकप्रिय केली. २००६ साली ईजेबी ३.० ने ती स्वीकारली.

दोन्ही व्यवस्था एकत्र नांदविताना मात्र सावध राहावे. ईजेबीचा स्मृतिहीन घटक एका वेळी एकच विनंती हाताळतो. स्प्रिंगचा घटक, वेगळे सांगितले नसल्यास, एकच असतो आणि अनेक विनंत्या एकाच वेळी त्याच्यावर येतात. पहिल्याच्या भरवशावर दुसऱ्यात खातेदाराचा क्रमांक साठविला, तर एकाची शिल्लक दुसऱ्याच्या पडद्यावर उमटू शकते.

म्हणून, वाचकहो, घटक कोणाच्या हुकमतीत जन्मला आणि त्याच्याकडे किती जण येणार, हे जोडणीपूर्वीच ठरवावे. दोन यजमानांच्या घरी पाहुणा उपाशी राहतो, तो उगीच नव्हे!