रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग आई जेवत का नाहीत?

'कशा आहात?' असं विचारल्यावर सत्तरीच्या बाईने 'मन उदास आहे हो' असं उत्तर दिलेलं तुम्ही कधी ऐकलंय? मी तरी नाही. ती म्हणते, तोंडाला चव नाही. गुडघे धरलेत. छातीत कसंसंच होतं. पोटात गोळा उठतो. रात्री तीनला डोळा उघडतो आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. आपल्या आया-सासवांच्या पिढीला मनाचं दुखणं बोलून दाखवायची सवय नाही. सासरची मर्जी, नवऱ्याची वेळ, मुलांच्या परीक्षा यांत स्वतःचं मन हा विषय कधी निघालाच नाही, तर त्याला शब्द कुठून येणार? शरीराचं दुखणं सांगायची मात्र मुभा होती. ताप आला, कंबर धरली की तेवढ्यापुरतं कुणीतरी विचारायचं. म्हणून मनाला काही झालं तरी तक्रार शरीराच्या नावाने येते, आणि आपण ती तशीच घेऊन दवाखान्यात जातो.

माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंचं असंच झालं. वय ७२. यजमान गेल्यावर वर्षाच्या आत मुलाने गावाकडचं घर बंद करून त्यांना पुण्याला आणलं. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट, स्वतंत्र खोली, खोलीत टीव्ही. सून प्रेमळ, अगदी खरंच प्रेमळ, मी जवळून पाहिलंय. 'अहो आई, आयुष्यभर खूप केलंत, आता नुसतं आरामात बसा,' असं ती म्हणाली. त्या बसल्या. चार महिन्यांत सहा किलो वजन उतरलं. रोज सकाळी सहाला अंघोळ उरकणारी बाई 'उद्या करते' म्हणायला लागली. रक्त तपासलं, ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, शेवटी एंडोस्कोपीही झाली. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, वयोमानाने होतं असं,' आणि टॉनिकची बाटली लिहून दिली.

'नॉर्मल' हा शब्द घरी आला आणि हळूहळू घराचा सूर बदलला. मुद्दाम करतात. लक्ष वेधून घ्यायचंय. नातवाशीसुद्धा बोलत नाहीत, एवढा कसला राग? पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाच मिनिटं खुर्ची ओढून त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, तेव्हा कळलं की हे नैराश्य आहे. डिप्रेशन. मैत्रिणीचा पहिला प्रश्न होता, 'पण त्यांना दुःख कसलं आहे? आम्ही काय कमी केलं?' हा प्रश्न मी त्यानंतर आणखी चार घरांत ऐकला आहे.

आकडे फार देत नाही, पण एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यातल्या साठी ओलांडलेल्यांपैकी ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणं दिसली. म्हणजे साधारण बारा जणांत एक, आणि बायकांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. पण 'मला नैराश्य असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय' असं म्हणणारे किती? ०.८ टक्के. दहापट फरक! एवढ्या माणसांच्या आजाराला घरात नावच नाही. 'वय झालं' हेच त्याचं नाव.

म्हातारपणी माणूस हळवा होतो, थकतो, कमी झोपतो, हे खरं. पण म्हातारपण म्हणजे उदासी नव्हे. कितीतरी ऐंशीच्या बायका आपल्या ओळखीत असतात ज्या लोणच्याच्या फोडी करताना शेजारच्या घरातल्या भांडणाची मजा घेत असतात. नवरा गेल्यावर रडू येणं हेही दुःख आहे, आजार नव्हे. त्या दुःखात मधेच हसू येतं, कुणी आलं की बरं वाटतं. नैराश्यात तसं होत नाही. दोन आठवडे, महिना, दोन महिने, दिवस सगळे एकाच रंगाचे होतात. आवडीचं माणूस आलं तरी चेहरा हलत नाही.

मोठ्या वयाच्या माणसांतलं नैराश्य ओळखायला एक खास प्रश्नावली आहे, १९८०च्या दशकात अमेरिकेत तयार झालेली. तिची छोटी आवृत्ती १५ प्रश्नांची, उत्तर फक्त हो किंवा नाही. गंमत म्हणजे भूक, झोप, अंगदुखी यांच्याबद्दल तीत विचारलेलं नाही, कारण ते सगळं वयामुळे किंवा दुसऱ्या आजारानेही होतं. रोख असतो तो वेगळ्याच गोष्टींवर : आधी आवडणारी कामं सोडून दिली का, बाहेर पडायचं टाळता का, आपला आता काही उपयोग नाही असं वाटतं का.

हा उपयोगाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मैत्रिणीच्या सासूबाईंचा गावातला दिवस कसा होता, हे त्यांना नंतर बोलतं केल्यावर कळलं. पहाटे पाणी भरायचं, तेव्हा शेजारणीशी बोलणं. मग अंगण, देवपूजा, परसातला कढीपत्ता कुणीतरी मागायला यायचं. भाजीवालीशी घासाघीस. दुपारी चौघीजणी मिळून निवडण-टिपण. गुरुवारी भजन. दिवसभरात वीसेक माणसांशी बोलणं व्हायचं आणि त्यातल्या निम्म्यांना त्यांच्याकडून काहीतरी हवं असायचं. पुण्यात आल्यावर ओटा सुनेचा, पूजा इन्स्टंट, दळण गिरणीवाल्याचा पोऱ्या घेऊन जाणार, भाजी मोबाइलवरून येणार. संध्याकाळी सहापर्यंत घरात चिटपाखरू नाही. गॅसला हात लावायचा नाही, कारण एकदा दूध उतू गेलं होतं! आपण ज्याला आराम म्हणतो तो अशा बाईच्या वाट्याला शिक्षा म्हणून येतो, आणि तक्रार तरी कुणाकडे करायची? सगळे चांगलंच वागतायत.

दुसरी गोष्ट पैशाची. सुशिक्षित, सुस्थितीतल्या घरांतसुद्धा मी पाहते, निवृत्त नवऱ्याची पेन्शन त्याच्यामागे बायकोच्या नावाने खात्यात येते, पण एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात असतं. त्यात लबाडी असतेच असं नाही, बँकेत जायचा त्रास नको हा विचार असतो. पण नातीला वाढदिवसाला पाकिटात शंभर रुपये घालून द्यायचे, तर ते नातीच्या बापाकडेच मागायचे? ज्यांना पेन्शनही नाही, आयुष्यभर शेतात आणि दुसऱ्यांच्या घरी राबून पदरात काहीच नाही, त्यांचं तर विचारूच नका.

आणि कान. कानांबद्दल आपण फार कमी बोलतो. चष्मा लावायला कुणाला कमीपणा वाटत नाही, कानाचं यंत्र मात्र नको. मग घरात सगळे हसतात तेव्हा आजी एक क्षण उशिरा हसतात. काय झालं म्हणून विचारलं की उत्तर मिळतं, 'काही नाही हो, असंच.' असं दहा वेळा झालं की माणूस विचारणं सोडतं, आणि मग दिवाणखान्यात येणंही. २०२४ साली 'लॅन्सेट'च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या ज्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यांत कमी ऐकू येणं, नैराश्य आणि इतरांपासून तुटलेपण अशा तिन्ही आहेत. उलटही होतं : नैराश्यामुळेच विसरायला होतं आणि घरचे समजतात की स्मृतिभ्रंशच सुरू झाला. 'मला काही आठवत नाही, माझं डोकं गेलं' असं स्वतःच पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या आजींना एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. उदासी गेली की पुष्कळदा स्मरणशक्तीही सुधारते.

वैधव्याबद्दल लिहावं तेवढं थोडं आहे. मुली वयाने मोठ्या नवऱ्याला द्यायच्या आणि बायका जगतात जास्त, त्यामुळे म्हातारपणी एकटं राहणं मुख्यतः बाईच्याच वाट्याला येतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला तेव्हा त्याची बातमी झाली, कौतुकही झालं. पण हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत जाऊन बसणारी आजी शहरातल्या सोसायट्यांतही आहे. तिला कुणी 'आत जा' म्हणत नाही. 'बाहेर या' असंही म्हणत नाही. आणखी एक बाई डोळ्यांआड राहते ती म्हणजे स्वतः सत्तरीची असून अंथरुणाला खिळलेल्या ऐंशीच्या नवऱ्याचं सगळं करणारी. तिची विचारपूस करायला येणारेही 'काका कसे आहेत?' एवढंच विचारून जातात.

यावर करायचं काय? इथे आपल्या शेजारच्या गोव्यातला एक प्रयोग सांगते. तिथल्या शहरी आणि ग्रामीण आरोग्य केंद्रांत येणारे, साठीवरचे, पूर्ण नैराश्य नसलेले पण त्या वाटेवर असलेले १८१ जण निवडले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांशी प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते बोलत राहिले. हे डॉक्टर नव्हते, मानसोपचारतज्ज्ञही नव्हते. त्यांनी उपदेश केला नाही. आत्ता या घडीला तुमची अडचण कोणती, तिच्यावर काय काय करून बघता येईल, त्यातलं कोणतं आधी करूया, असं एकेक पुढे नेलं. झोप नीट यावी म्हणून काय करायचं, मधुमेह कसा सांभाळायचा, कोणत्या सरकारी योजनेतून मदत मिळू शकते हेही पाहिलं. वर्षानंतर नेहमीच्या उपचारांतल्या ९० पैकी १३ जणांना तीव्र नैराश्य आलं, आणि या दुसऱ्या गटातल्या ९१ पैकी फक्त चौघांना. २०१९ मध्ये 'जामा सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. मला यात आवडलं ते हे की तिथे कुणी 'पॉझिटिव्ह राहा' म्हटलं नाही!

मैत्रिणीच्या घरीही शेवटी अशाच बारीकसारीक गोष्टी झाल्या. सकाळची भाजी सासूबाई करतात. गॅसचं बटण बंद झालंय ना, हे त्या स्वतःच मोठ्याने म्हणून तपासतात. एटीएम कार्ड त्यांच्याकडे गेलं. कानाला यंत्र बसलं. पहिले पंधरा दिवस ते डबीतच असायचं, हेही सांगते. आणि औषध होतंच.

औषधाबद्दल थोडं स्पष्ट. आधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, कारण त्यांच्या कमतरतेनेही असंच मरगळल्यासारखं होतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून बंद करू नयेत. मोठ्या वयात डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करतात, आणि काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून सांगितलेली तपासणी चुकवू नये. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोळीची. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली झोपेची गोळी. तिची सवय लागते, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. झोप नाही म्हणून झोपेची गोळी, हा हिशेब सोपा वाटतो खरा, पण मूळ आजार तसाच राहतो.

ज्येष्ठ नागरिक संघ गावोगाव आहेत, पण आमच्या भागातल्या कट्ट्यावर संध्याकाळी बघावं तर सगळे आजोबाच. आज्या कुठे? नातवाला क्लासहून आणायला, नाहीतर कुकर लावायला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीपुढे तर ऑगस्ट २०२२ पासूनच प्रवास मोफत आहे. तेव्हापासून बहिणीकडे, माहेरच्या जत्रेला, आळंदीला जाणाऱ्या बायका मला स्टँडवर जास्त दिसायला लागल्या. एकमेकींच्या पिशव्या धरून बसलेल्या असतात. दोन दिवस त्या गेल्या तर घर अडत नाही; त्यांना जाऊ द्यावं, बसपर्यंत पोचवावं.

शेवटी एक अवघड प्रश्न. 'आता देवाने न्यावं' हे वाक्य आपल्याकडे इतकं सरसकट म्हटलं जातं की कानावरून जातं. बहुतेकदा ते नुसतं बोलणं असतं, पण नेहमी नाही. जेवण सोडलं, चालू गोळ्या घेणं बंद केलं, दागिन्यांची वाटणी अचानक काढली, तर शेजारी बसून सरळ विचारावं : 'आई, जीव नकोसा झालाय का? जिवाचं काही करावं असं मनात येतं का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं याने मोकळं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर त्यांना एकटं ठेवू नये, घरातल्या जास्तीच्या गोळ्या आणि कीटकनाशकं हाताआड करावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी, अगदी घरातल्या छळाबद्दलही, १४५६७ ही एल्डरलाइन आहे. हे दोन्ही आकडे फोनच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लावा, त्यांना चष्म्याशिवाय वाचता येतील असे.