क्विंटलभर कापूस आणि मोबाईलमधलं चाक



मागच्या पंधरवड्यात कळमेश्वरच्या कचेरीत एक शेतकरी भेटायला आला. संत्र्यावर कोळशी आली असेल, असं समजून मी वही उघडली. त्याने दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, बागेचं नाही. मोबाईलचं आहे."

त्याचं नाव-गाव इथे लिहीत नाही. पण "माझ्यासारखं दुसऱ्याचं होऊ नये म्हणून लिहा," असं तोच म्हणाला.

आंबिया बहाराचे पैसे नुकतेच त्याच्या खात्यात जमा झाले होते. वीज रात्रीची, म्हणून ओलितही रात्रीचंच. धुऱ्यावर बसून मोबाईल पाहता पाहता एक संदेश आला. बोट लावलं तर आकड्यांचं चाक फिरू लागलं. त्याने दोनशे रुपये लावले, त्याचे नऊशे झाले. दुसऱ्या दिवशी दीड हजार काढून पाहिले. "पैसे खरंच बँकेत आले न साहेब! मग मले खात्री पटली."

ती खात्रीच महागात पडली. एका रात्री आठ हजार गेले. ते काढायला वीस हजार लावले, तेही गेले. अकराव्या रात्री पडद्यावर बासष्ट हजार जिंकल्याचं दिसलं. काढायला गेला तर उत्तर आलं, आधी अठरा हजार कर भरा. त्याने भरले आणि खातंच बंद झालं. सगळे मिळून एक लाख चाळीस हजार गेले. ठिबकासाठी ठेवलेले पैसे होते. घरी मात्र सांगून बसला होता की ठिबकाचे भरले.

एवढं सांगून त्याने मला विचारलं, "बैलजोडी विकून एकदा शेवटचं खेळलो तर निघतील का?"

मी खताच्या हिशेबाचा कागद उलटा केला आणि त्याच्यासमोर आकडेमोड मांडली. तीच तुमच्यासाठी इथे देतो.

या चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ आकडे असतात. प्रत्येक आकड्यावर दहा रुपये लावले तर ३७० रुपये लागतात. एक आकडा येणारच. त्याचे ३५० रुपये आणि तुमचे लावलेले दहा, असे ३६० परत मिळतात. दहा रुपये चाकवाल्याचे. दर फेऱ्याला त्याचा वाटा ३७ पैकी एक, चाक अगदी सचोटीने फिरलं तरी.

आता शंभर रुपयांचा एक डाव धरा. मोबाईलवर दोन-अडीच तासांत तीनशे डाव सहज होतात. म्हणजे ३०,००० रुपये चाकावरून फिरले. त्यातला सदतिसावा भाग सरासरीने गेला, तो ८१० रुपये. एखाद्या रात्री कमी, एखाद्या रात्री जास्त, पण दहा रात्रींचा हिशेब ८,१०० च्या आसपास येतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. वर्षभर राबून घरात आलेला एक क्विंटल कापूस दहा रात्रींत खलास, आणि तोही प्रामाणिक चाकावर! याच्या मोबाईलमधलं चाक कोण फिरवत होतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

कापसाचं आणि आकड्याचं नातं जुनंच आहे. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडते आणि बंद भाव मुंबईला तारेने येत आणि त्यावर लोक पैसे लावत. ते भाव येणं बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आकड्यांच्या चिठ्ठ्यांवर खेळ चालू केला. चिठ्ठ्या मडक्यातून काढत, म्हणून त्याला मटका म्हणू लागले. दहापैकी एक आकडा यायचा आणि रुपयाला नऊ मिळायचे. तिथेही दहावा हिस्सा खेळवणाऱ्याचाच. पण मटक्यासाठी अड्ड्यावर जावं लागे, चार लोक पाहत. आता अड्डा उशाशी आला आहे.

तो म्हणाला, "शेती बी जुगारच आहे न साहेब."

मी म्हटलं, नाही. बोंडअळीने एक हंगाम नेला, तर पुढच्या वर्षी आपण वेळेवर कामगंध सापळे लावतो. बहार गेला तरी झाड उभं असतं. मागच्या नुकसानीतून शेतकरी शिकतो. चाकाला मागचा फेरा आठवत नाही. दहा वेळा हरलात म्हणून अकराव्याला ते देणं लागत नाही.

यात फक्त खेड्यातला माणूस फसतो असंही नाही. २०२३ च्या जुलैमध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार पोलिसांत दिली. त्यालाही आधी जिंकूच दिलं होतं. पोलिसांनी गोंदियात छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं सापडलं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून फसला असाल तर लपवू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त. व्यवहाराचे संदेश पुसू नका. जिंकलेले पैसे देण्याआधी कोणी कर मागितला, तर ती फसवणूक समजा. आणि मन फारच खचलं, जिवाचे नको ते विचार आले, तर १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

त्या शेतकऱ्याला मी एकच अट घातली. बैलजोडी विकायच्या आधी घरी खरं सांगायचं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले, खोटं काऊन बोलले?" आता पासबुक आणि कार्ड त्यांच्याकडे आहे. तक्रार दिली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. ठिबक यंदा होणार नाही.

पण बैलजोडी गोठ्यात आहे.

मायबहिणींनो, घरचा माणूस रात्री ओलिताहून आल्यावरही मोबाईल सोडत नसेल, तर भांडू नका. शेजारी बसा आणि विचारा.

पुढच्या आठवड्यात संत्र्याच्या बागेला ताण किती दिवस द्यायचा, ते पाहू. रामराम.