अमेरिकेचे कौतुक, पण जरा बेताने



अमेरिकेने जन्मापासून साऱ्या जगाला सामावून घेतले, आपल्याला ते जमले नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. तिथल्या 1790 च्या कायद्याने परक्याला नागरिकत्व मिळायचे ते तो गोरा आणि स्वतंत्र असेल तरच. याच अटीवर बोट ठेवून 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून गेलेल्या भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारले. गडी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच फौजेत होता! गुलामांबद्दल आणि मूळ रहिवाशांबद्दल तर बोलायलाच नको.

आपल्याला जमले नाही म्हणता, तर आता आमचे मिरज पाहा. हत्यारांना धार लावणारे शिकलगार इथे तंतुवाद्ये घडवण्याकडे वळले. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तारेला झंकार देणारी जवारी काढताना कारागिराची कानस घोडीवर इतकी हलकी फिरते की काही घासले जातेय हे बघणाऱ्याला कळतही नाही. कळते ते तार छेडल्यावर. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ इथलेच झाले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. कॅनडात जन्मलेल्या डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये अमेरिकन मिशनचे रुग्णालय थाटले ते इथल्या पटवर्धनांच्या संस्थानात.

2009 च्या गणेशोत्सवात याच गावात दंगल पेटली, हेही खरे. ते झाकण्यात अर्थ नाही. शिकवणी लावायचीच तर अमेरिकेच्या 1965 च्या कायद्याची लावू. स्थलांतरितांचे देशवार कोटे त्यांनी तेव्हा मोडले, म्हणजे 1790 नंतर तब्बल पावणेदोनशे वर्षांनी.

– एक वाचक, मिरज