कोल्हापूरला जमले, ते भूम-परंड्याला का जमू नये?

सोमवारी, 18 ऑगस्ट 2025 रोजी, कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. अधिसूचना निघाली होती 1 ऑगस्टला. सतरा दिवसांत सहा जिल्ह्यांसाठी न्यायदालने, कर्मचारी, फर्निचर सगळे उभे राहिले. चार दशकांहून अधिक काळ भांडून मिळवलेला हा हक्क आहे आणि त्याबद्दल कोल्हापूरकरांचे मनापासून अभिनंदन. मला मात्र या घटनेचे मोल आणखी एका कारणासाठी वाटते. धाराशिव जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांबद्दल या स्तंभात लिहिले की ठरलेले उत्तर येते: जागा, निधी, पदमान्यता, निविदा, याला वेळ लागणारच. त्या उत्तरातला दम आता गेला आहे.

कोल्हापुरात नेमके काय झाले ते बघा. उच्च न्यायालयाने तारीख ठरवली, सरकारने पैसा दिला, सार्वजनिक बांधकाम विभागाने सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी न्यायालयाची इमारत दुरुस्त केली. कोणाचेही काम कोणासाठी अडले नाही, कारण उद्घाटनाला सरन्यायाधीश येणार होते. तालुका कोर्टाचा प्रस्तावही अशाच तीन दारांतून जातो, पण त्याला तारीख नसते. उच्च न्यायालय शिफारस करते, विधी व न्याय विभाग त्रुटी काढतो, वित्त विभाग विचारणा करतो आणि कागद पुन्हा पहिल्या टेबलावर येतो. वास्तविक भूम, परंडा, वाशी, लोहाऱ्याच्या पक्षकाराचे सगळे भवितव्य याच कोर्टात ठरते. वाटणीचा दावा, बांधाचे भांडण, मनाई हुकूम, पोटगी, न वटलेला चेक, ही प्रकरणे बहुतांशी इथेच सुरू होतात आणि इथेच संपतात. उच्च न्यायालयाची पायरी चढणारे थोडे. तरीही आपल्याकडे आंदोलने होतात ती खंडपीठासाठी. तालुक्याच्या कोर्टात पिण्याचे पाणी हवे म्हणून मोर्चा निघालेला आठवत नाही. वकील संघटनांचे वजन वरच्या कोर्टाच्या पारड्यात पडते, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी सोडणार नाही.

धाराशिवची अपिले ज्या शहरात जातात, त्या छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) 23 ऑक्टोबर 2021 रोजी खंडपीठाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन करताना तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी देशभरातल्या न्यायालय संकुलांची स्थिती सांगितली होती. 26 टक्के संकुलांत महिलांसाठी वेगळे स्वच्छतागृह नाही, 16 टक्क्यांत पुरुषांसाठीही स्वच्छतागृह नाही, शुद्ध पाणी फक्त 54 टक्क्यांत. पोटगीसाठी लेकराला घेऊन सकाळी अकरापासून पुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माणसांची टंचाई तर याहून घातक. नोव्हेंबर 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अहवालानुसार जिल्हा न्यायव्यवस्थेतली 27 टक्के कर्मचारी पदे रिकामी होती. बेलिफ नसला की समन्स बजावले जात नाही आणि पुढची तारीख पडते. स्टेनो नसला की निकालपत्र टाईप होत नाही, मग नक्कल उशिरा आणि अपीलही उशिरा. तालुका कोर्टांची भाषा 1998 पासून मराठी आहे, म्हणून मराठी लघुलेखक ही तिथली पहिली गरज ठरते. न्यायाधीशांचे म्हणाल, तर दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश पाच वर्षांत नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितले होते. 2011 च्या जनगणनेत साडेसोळा लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला त्या हिशोबाने 80 च्या वर न्यायाधीश यायला हवेत. आठही तालुक्यांतली कोर्टे मोजा, या आकड्याच्या आसपासही आपण जात नाही.

यावर सांगतात की आता ई-कोर्ट आले, इमारती कशाला? त्या योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले, हे चांगलेच झाले. पण संगणकावर तारीख कळते, साक्षीदाराची उलटतपासणी आणि जागेचा पंचनामा अजून माणसेच करतात. दुसरा आक्षेप रास्त आहे: कोल्हापुरात इमारत आयती होती. मान्य. नव्या इमारतीला वेळ लागेल. मात्र स्वच्छतागृह, पाणी, रेकॉर्ड रूमची दुरुस्ती आणि मंजूर पदांवरची भरती यांना नवी जमीन लागत नाही. पैसा नाही, हे तर कोणी म्हणूच नये. तुळजापूरच्या विकासासाठी मंत्रिमंडळाने 2025 मध्ये 1,865 कोटींचा आराखडा मंजूर केला. तुळजाभवानी आईच्या दारी येणाऱ्या भक्तांची सोय झालीच पाहिजे. त्याच तुळजापुरात कोर्टाच्या दारी येणाऱ्याची का नको? नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत 2018 पासून आपले नाव आहे. आरोग्य, शिक्षण, शेती यांची मोजणी 49 निर्देशकांवर होते, त्यात न्यायालयासाठी एकही नाही. जे मोजले जात नाही, त्याचा जाब जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत कोणी विचारत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या वकील संघांना विनंती आहे. प्रत्येक तालुका कोर्टाचा एक तक्ता करा: मंजूर पदे किती, भरलेली किती, महिलांचे स्वच्छतागृह आहे का, पाणी आहे का, रेकॉर्ड कुठे ठेवले आहे. तो पालकमंत्र्यांकडे आणि उच्च न्यायालयाच्या प्रशासनाकडे पाठवा, आणि प्रत्येक कामासमोर तारीख मागा.