कुलूपबंद घर आणि भाड्याचे घर



ब्रिटनच्या खेड्यांत सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या, स्वयंपाक आपला आपण करायच्या कॉटेजमुळे गावे ओस पडतात, म्हणून त्यांवर सरसकट बंदी घालावी, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत घाईचे वाटते. गाव ओस पडते ते कुलूपबंद घरांमुळे. भाड्याने वापरात राहणाऱ्या घराला तोच न्याय लावणे चुकीचे आहे. १९६५ साली स्थापन झालेला लँडमार्क ट्रस्ट पडीक ऐतिहासिक वास्तू दुरुस्त करतो आणि भाड्यातून त्यांची देखभाल भागवतो. स्कॉटलंडमधील डनमोरचा अठराव्या शतकातला अननसाच्या आकाराचा दगडी घुमट त्यांपैकीच एक. त्याच्या प्रत्येक दगडी पानावरचे पाणी वेगळे निथळावे अशी योजना आहे, म्हणजे ते थंडीत गोठून दगड फुटू नये. इतकी नाजूक कारागिरी वास्तू रिकामी ठेवून जपली जात नाही.

पाहुणे स्वतः रांधतात, मग गावाला काय मिळते, असे पत्रलेखक विचारतात. पण रांधणाऱ्यालाच तर दूध, अंडी, पाव, भाजी रोज लागते! स्थानिक तरुणांना घर परवडत नाही, ही तक्रार मात्र पूर्ण रास्त आहे. त्यावर वेल्सने मार्ग काढला: एप्रिल २०२३ मध्ये तिथे नियम आला की घर वर्षात किमान १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेले, तरच त्याची करआकारणी व्यवसाय म्हणून होईल, आणि मालक कायम राहत नाही अशा दुसऱ्या घरांवर तेथील कौन्सिलला ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. हा बडगा रिकाम्या घरांवर आहे, आणि तो योग्य जागी आहे. सरसकट बंदीची मागणी पत्रलेखकांनी मागे घ्यावी.

– एक वाचक, पुणे