पुनर्विकासात हरवलेली खिडकी

मुंबई, ठाणे आणि पुण्यात सध्या जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाची लाट आहे. सर्वसाधारण सभांमधून वाढीव चटई क्षेत्र किती टक्के, कॉर्पस किती, संक्रमण काळातील भाडे किती आणि पार्किंग कोणाला, यावर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. सभासदांच्या दृष्टीने हे प्रश्न मोलाचे आहेतच. मात्र ज्या घरात पुढची चाळीस-पन्नास वर्षे काढायची, त्या घराच्या खिडक्यांचा विषय सहसा निघत नाही. निघालाच तर 'अ‍ॅल्युमिनियम की यूपीव्हीसी' इथवर येऊन थांबतो. करारनाम्याच्या परिशिष्टात मग 'पावडर कोटेड अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग विंडो' अशी एक ओळ पडते. सभासदाच्या विजेच्या बिलाचा मोठा भाग त्या ओळीने ठरतो, हे त्याला पहिल्या मे महिन्यात कळते.

याचे कारण उघड आहे. खिडकी विकासक निवडतो आणि वातानुकूलन यंत्राचे बिल रहिवासी भरतो. खिडकीवर वाचवलेला पैसा विकासकाच्या खिशात राहतो, तर त्यापोटी जळणारी वीज दुसऱ्याच्या मीटरवर नोंदवली जाते. फ्रिज किंवा एसी घेताना आपण तारे मोजतो. घर घेताना काचेचा आकडा विचारण्याची आपल्याला सवय नाही.

खिडकीतून उष्णता दोन वाटांनी घरात येते. बाहेरची हवा तापलेली असल्याने काच आणि चौकटीतून ती आत झिरपते, ही पहिली वाट. 'यू-व्हॅल्यू' नावाचा आकडा तिचे मोजमाप सांगतो. दुसरी वाट थेट उन्हाची. काचेवर पडलेल्या उन्हापैकी किती उष्णता आत शिरते हे 'एसएचजीसी' या गुणांकाने कळते. दोन्ही आकडे जितके कमी तितके बरे. परंतु यांपैकी आपल्याकडे कोणता आकडा अधिक मोलाचा, हे साध्या गुणाकाराने समजते आणि तेच बाजारात सांगितले जात नाही.

मुंबईतील पश्चिमेकडची पाच फूट बाय चार फुटांची खिडकी घ्या. क्षेत्रफळ सुमारे १.८५ चौरस मीटर. मे महिन्यातील दुपारी तिच्यावर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडते असे धरू. साध्या एकेरी काचेचा एसएचजीसी सुमारे ०.८२ असतो. म्हणजे उन्हापोटी साडेसातशे वॅट उष्णता आत आली. बाहेर ३५ अंश आणि आत २६ अंश तापमान असेल, तर ५.७ यू-व्हॅल्यूच्या त्याच काचेतून झिरपणारी उष्णता भरते जेमतेम ९५ वॅट. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकते. त्यातला पाचवा हिस्सा एका खिडकीतल्या उन्हाने खाल्ला.

आता याच ठिकाणी दुहेरी साधी काच बसवू. झिरपणारी उष्णता निम्मी होऊन ४७ वॅटवर येते. ऊन मात्र थोडेच अडते, साडेसहाशे वॅटहून अधिक उष्णता आत येतच राहते. याउलट एकेरी काच तशीच ठेवून बाहेरच्या बाजूने तीन चतुर्थांश ऊन अडवले, तर उरते दोनशे वॅटच्या आत. दुहेरी काच वाईट आहे असे मुळीच नाही. जर्मनीतल्या हिवाळ्यात बाहेर उणे दहा आणि आत वीस अंश असतात, रात्री ऊन नसते. तिथे झिरपणारी उष्णता हाच शत्रू असतो. त्या हवामानासाठी घडलेले उत्तर आपल्या माहितीपत्रकात जसेच्या तसे छापले जाते, तक्रार एवढीच आहे. रस्त्याचा गोंगाट अडवण्यासाठी दुहेरी काच घेणाऱ्याने ती जरूर घ्यावी. विजेच्या बचतीसाठी घेणाऱ्याने उन्हाचा आकडा आधी विचारावा. कमी एसएचजीसी देणारी 'लो-ई' लेपाची काच मिळते, पण ती कोणत्या दिशेला लावायची हा प्रश्न उरतोच.

दिशेचे गणित महाराष्ट्रात विशेष आहे. मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैअखेरीस माध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो. शाळकरी मुले तेव्हा शून्य सावलीचा प्रयोग करतात. साहजिकच मेच्या भर दुपारी दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. ऑक्टोबरच्या काहिलीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तरी दीड फुटाचा छज्जा चार फुटी खिडकीचा वरचा सुमारे तीन फूट भाग माध्यान्ही झाकतो. पश्चिमेला हा हिशेब कोसळतो. मेमध्ये संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून तीस अंशांच्याही खाली आलेला असतो आणि त्याच छज्ज्याची सावली काचेवर फूटभरसुद्धा उतरत नाही. तिथे उभी आडोशाची पट्टी, जाळीची भिंत, बाहेरून सोडायचा बांबूचा चिक, नाहीतर मुळातच लहान खिडकी हवी. आतला जाड पडदा उशिरा पोचलेल्या पोलिसासारखा असतो. ऊन काच ओलांडून आले की बहुतेक उष्णता घरातच राहते.

काळ्या फिल्मचा मोह अनेकांना होतो. तिने ऊन कमी होते खरे, पण उजेडही जातो आणि भर दुपारी दिवे लावावे लागतात.

खिडकीचे दुसरे काम वारा घेण्याचे, आणि दमट किनारपट्टीवर तेच पहिले मानावे लागेल. केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे, असे तिच्यात म्हटले आहे. नागपूरच्या संमिश्र हवामानाला हेच प्रमाण एक अष्टमांश, तर उष्ण-कोरड्या प्रदेशाला एक दशांश. म्हणजे मुंबईतील सहाशे चौरस फुटांच्या घराला शंभर चौरस फूट उघडी जागा हवी. इथे स्लायडिंग खिडकीची खोच आहे. दोन पाखांची सरकती खिडकी कितीही ओढली तरी निम्मीच उघडते, आणि बिजागरीवर उघडणारी खिडकी संहितेच्या हिशेबाने ९० टक्के. सरकत्या खिडक्यांनी शंभर फूट गाठायचे तर दोनशे फूट काच लावावी लागेल आणि तेवढे ऊनही घरात घ्यावे लागेल. खेरीज एसी चालू असताना सरकत्या पाखांच्या फटीतून बाहेरची दमट हवा आत येत राहते. ती कोरडी करण्यातही यंत्राची वीज जाते. बिजागरीच्या खिडकीला रबरी पट्टी घट्ट बसते.

चौकटीचा वाद त्या मानाने दुय्यम. अ‍ॅल्युमिनियम हे यूपीव्हीसी किंवा लाकडापेक्षा शेकडो पट अधिक उष्णता वाहते, हे खरे आहे. पण चौकट खिडकीचा लहानसा भाग असते, आणि पंख्यावर भागणाऱ्या घरात या फरकाला फारसा अर्थ नाही. विदर्भात जिथे खिडकीत कूलर बसतो, तिथे समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. त्या घराला दुहेरी काच विकणाऱ्याच्या धारिष्ट्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. त्याच नागपुरात दिवसभर एसी लावणाऱ्या घराचे गणित निराळे. बाहेर ४४ आणि आत २७ अंश असता एकेरी काचेतून झिरपणारी उष्णता मुंबईच्या जवळजवळ दुप्पट होते. तिथे उन्हाची सोय लावल्यानंतर दुहेरी काचेचा विचार जरूर व्हावा.

दारांबाबत दोनच गोष्टी. नव्या संकुलांत बैठकीच्या खोलीला गच्चीचे जे सरकते काचेचे दार असते, ती वास्तविक घरातली सर्वात मोठी खिडकी होय, आणि ती पश्चिमेला असेल तर वरचा सारा हिशेब तिला लागू होतो. मुख्य दाराला बाहेरून जाळीचे सुरक्षा दार असले की संध्याकाळी आतले दार उघडे टाकता येते आणि वारा आरपार वाहतो. मुंबईच्या मध्यमवर्गाने हा उपाय कोणत्याही संहितेवाचून शोधला.

चाळींच्या खोल्या लहान होत्या, गैरसोयी अनेक होत्या. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र खोलीपुढची गॅलरी भिंतीवर सावली धरी आणि पावसातही खिडकी उघडी राही. पुढे जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या नियमावलीत बदल होऊन बाल्कनी आणि फ्लॉवर बेड चटई क्षेत्र निर्देशांकात मोजले जाऊ लागले व भरपाईदाखल ३५ टक्के फंजिबल निर्देशांक देण्यात आला. गैरप्रकारांना आळा घालण्याचा हेतू रास्त होता. परंतु प्रत्येक फुटाचा हिशेब लागू लागल्यावर भिंतीपुढची सावली विकासकाला परवडेनाशी झाली. सपाट भिंतीत बसवलेली उघडी खिडकी जूनमध्ये पहिल्या सरीला बंद होते. चार महिने घर कोंदट, मग पावसाळ्यातही एसी.

कायदा या दिशेने सरकतो आहे, पण सावकाश. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही इमारत संहितेच्या कक्षेत आल्या. ही दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. इको निवास संहितेत 'आरईटीव्ही' असा आकडा आहे. इमारतीच्या भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचे ते एकत्रित माप असून, थंड प्रदेश वगळता ते चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक असू नये, अशी २०१८ ची अट होती. हा आकडा काढायला वास्तुविशारदाला फार श्रम पडत नाहीत. महारेराच्या संकेतस्थळावर जसे चटई क्षेत्र दिसते तसा तो ग्राहकाला दिसला पाहिजे.

तोवर पुनर्विकासातील सभासदांच्या हाती मात्र एक संधी आहे. नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्याला तयार आराखडा स्वीकारावा लागतो. गृहनिर्माण संस्था मात्र मालक म्हणून वाटाघाटीला बसते. सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालील ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निविदेपूर्वी संस्थेने स्वतःचा प्रकल्प सल्लागार नेमायचा असतो. त्याच्याकडून इमारतीचा आरईटीव्ही, काचेचा एसएचजीसी, उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र आणि पश्चिमेच्या आडोशाचा तपशील निविदेत लिहून घेता येतो. ताबा मिळाल्यावर बाहेरून साधा चिक टांगायचा म्हटले तरी इमारतीचे रूप बिघडते म्हणून संस्थाच नोटीस काढते.